मागचा दिवा

"काकू, दिसलाच न्हाईसा वो तुम्ही!"

रस्त्याकडेच्या मातीत मी बसलेली, सायकल बाभळीच्या झुडपात गेलेली, डबा एकीकडे आणि झाकण दुसरीकडे... आणि मोटारसायकल सावरत उभा असलेला तो विशीतला पोरगा हेच एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला आधी भयंकर राग आला होता. पण त्याचे थरथरणारे हात पाहिले आणि तो ओसरला. पोरगा खोटं बोलत नव्हता. त्याला मी खरंच दिसले नव्हते.

मागच्या गळीत हंगामातली ही गोष्ट. नोव्हेंबरची अखेर, संध्याकाळचे सात वाजलेले. पतसंस्थेतली रोकड जुळवून, किर्द मिटवून मी जयसिंगपूरहून शिरोळ रस्त्याने घरी निघाले होते. साडेचार किलोमीटरचा रोजचा रस्ता. गेली अकरा वर्षं मी तो सायकलवरून करते, कुठे खड्डा आहे हे डोळे मिटूनही सांगेन. समोरून उसाने भरलेला ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, टेपवर मोठ्ठ्याने गाणं आणि थेट डोळ्यांत घुसणारे हेडलाइट. त्या उजेडाने माझे डोळे दिपले, तसे मागून येणाऱ्या त्या पोराचेही दिपले. ट्रॅक्टर गेला आणि मागे उरला तो काळाकुट्ट अंधार. त्या अंधारात त्याचं हँडल माझ्या कॅरियरला लटकावलेल्या पिशवीत अडकलं. नशीब, वेग कमी होता. कोपर सोलवटलं, गुडघा सुजला, एवढ्यावर भागलं.

खरं प्रकरण घरी गेल्यावर सुरू झालं. सासूबाईंनी हळद लावता लावताच निकाल देऊन टाकला, "उद्यापासून वडापनं ये-जा करायची. सायकल बंद. आणि पोरीचा पहाटेचा क्लासही बंद!"

हे मात्र मला चटकन लागलं. माझी लेक दहावीत. गणिताचा क्लास सकाळी सहाला, गावात. म्हणजे थंडीच्या दिवसांत पावणेसहाला घर सोडायचं, मिट्ट काळोखात, त्याच रस्त्याने. त्या वेळेला वडाप मिळत नाही आणि यांची शिफ्ट असली की सोडायला कुणी नाही. पडले मी आणि शिक्षा तिला! ती कोपऱ्यात वही धरून उभी होती, काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"मला आठ दिवस द्या," मी म्हटलं. "दिसत नाही हेच कारण आहे ना? मग दिसायची सोय करते."

आठ दिवसांचे जवळजवळ चाळीस झाले. एका मागच्या दिव्यासाठी एवढं? असं तुम्हालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण या चाळीस दिवसांत मी दोनदा चुकीचा दिवा घेतला, आणि त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात झाली ती एका शंकेने. अहो, माझ्या सायकलला मागे रिफ्लेक्टर होता की! मडगार्डवर लाल, चांगला पुसलेला. मग त्या पोराला दिसला कसा नाही? आमचे सायकलवाले मामा हसले. म्हणाले, "वैनी, रिफ्लेक्टर म्हणजे आरसा. त्याच्यावर उजेड पडंल तर तो परत देणार. आणि तुमची पिशवी त्याच्यावरच लोंबत हुती." दोन्ही गोष्टी खऱ्या. रिफ्लेक्टरला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या गाडीचा हेडलाइट थेट त्याच्यावर पडला तरच तो चमकतो. हेडलाइट वाकडा असेल, काचेवर चिखल असेल, किंवा गाडी वळणावरून तिरकी येत असेल, तर रिफ्लेक्टर असून नसल्यासारखा. आपल्याकडच्या निम्म्या मोटारसायकलींचे हेडलाइट रस्त्यापेक्षा झाडांवरच जास्त पडतात, हे वेगळं सांगायला नको.

मग मी एक साधा हिशेब केला. हिशेब करायची सवयच, नोकरीच तसली. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर पुढे सरकते. डोळ्यांना काहीतरी दिसणं, ते काय आहे हे डोक्यात शिरणं आणि पाय ब्रेकवर जाणं, यात दीड सेकंद जरी गेला तरी २१ मीटर संपले. ब्रेक लागून गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी १५-२० मीटर. म्हणजे मी कमीत कमी चाळीस मीटरवरून दिसायला हवी, आणि नुसती दिसून भागत नाही, 'ही सायकल आहे' हे कळायलाही हवं. रस्ता ओला असेल तर याहून लांबून. गडद साडीतली बाई अंधारात चाळीस मीटरवरून दिसते का, हे एकदा आपल्याच गल्लीत लाइट गेल्यावर बघा.

आमच्या वडिलांच्या सायकलला डायनामो होता. टायरला घासून फिरणारी ती बाटली, तिचा घूं-घूं आवाज, आणि चढाला लागलं की जड होणारं पेडल. मला तो दिवा फार आवडायचा. पण त्याची एक खोड अशी, की सायकल थांबली की दिवा विझायचा. म्हणजे रस्ता ओलांडण्यासाठी मध्ये उभं राहिलं, नेमकं तेव्हाच अंधार! आता थांबल्यावरही काही वेळ तेवत राहणारे डायनामोचे दिवे निघाले आहेत, पण आमच्या तालुक्यातल्या दुकानात ते मिळायची वानवा. तेव्हा आपल्यासाठी दोनच वाटा: सेलवर चालणारा किंवा चार्जिंगचा.

पहिला दिवा मी घेतला तो स्टेशनरीच्या दुकानातून, १२० रुपयांचा. छोटासा, लुकलुकणारा, गोंडस. आत दोन नाणीसेल. लावला, खूश झाले. चौथ्या दिवशी संध्याकाळी सायकलवरून उतरून पाहते तर मागे अगदी मिणमिणता ठिपका, देवघरातल्या उदबत्तीच्या टोकासारखा! कधीपासून असा होता कोण जाणे. मागच्या दिव्याची हीच तर गंमत आहे, तो आपल्याला कधी दिसतच नाही. पुढचा मंद झाला तर लगेच कळतं. मागचा विझला तरी आपण उजळमाथ्याने चाललेलो असतो. शिवाय खड्ड्यात आदळून त्याचं झाकण उडालं आणि एक सेल रस्त्यात पडला.

या नाणीसेलबद्दल जाता जाता एक सांगून ठेवते. घरात लहान मूल असेल तर हे सेल उघड्यावर ठेवू नका. मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतच आतून भाजल्यासारखी गंभीर इजा होऊ शकते. तशी शंका जरी आली तरी सेल आपोआप बाहेर पडेल म्हणून वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. ज्या दिव्याचं झाकण स्क्रूने बंद होत नाही, तो दिवा पोराबाळांच्या घरात नकोच.

दुसरा दिवा मोबाइलवरून मागवला. पहिल्याने फसवलं म्हणून आता सगळ्यात प्रखर हवा, असं डोक्यात घेतलेलं. खोक्यावर भलामोठा आकडा होता, लुमेनचा. लुमेन म्हणजे काय, तर दिव्यातून चहूकडे मिळून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन देतो. माझ्या खोक्यावर तर त्याहून मोठा आकडा. करंगळीएवढ्या सेलवर अख्ख्या खोलीच्या बल्बाहून जास्त उजेड? तेव्हाच शंका यायला हवी होती. किर्दीतली एका रुपयाची चूक पकडणारी मी, इथे मात्र आकड्याला भुलले!

तरी तो दिवा प्रखर होता, नाही असं नाही. पट्टा सीटखालच्या दांड्याला बांधला आणि पारख करायला यांना मोटारसायकल घेऊन मागे पाठवलं. मी शंभर पावलं पुढे, मग दोनशे, मग तीनशे. परत आले तर यांचा चेहरा विचित्र. म्हणाले, "लांबून दिसतोस न दिसतोस. जवळ आलो की मात्र डोळ्यात टाचणी टोचल्यासारखं होतंय. रस्त्याचा खड्डाच दिसेना मला."

दोन्ही तक्रारी एकाच दिव्याच्या कशा? मग लेकीला माझ्या सायकलवर बसवून मी स्वतः मागे उभी राहिले आणि उलगडा झाला. आपली लेडीज सायकल आणि ज्या सायकलसाठी हे दिवे बनतात ती सायकल, यांत फरक आहे. त्या सायकलींना कॅरियर नसतो. सीटखाली दिवा बांधला की मागे सगळं मोकळं. आपल्याकडे सीटच्या स्प्रिंगा संपतात न संपतात तोच कॅरियर सुरू होतो. त्यावर डबा, भाजीची पिशवी, कधी दप्तर, कधी पोर. वरून आपला पदर नाहीतर कुर्त्याचा घेर. एवढा महागाचा दिवा माझ्या कुर्त्यामागे लपून बसला होता, आणि वारा आला की तेवढ्यापुरता डोळा मारत होता! शिवाय सीटचा दांडा मागे कललेला असतो. त्यामुळे त्यावर बांधलेला दिवा मागे न बघता किंचित जमिनीकडे बघतो. लांबच्याला दिसत नाही, रस्ता मात्र छान लाल होतो.

म्हणून मैत्रिणींनो, मी तर म्हणेन की दिवा कोणता यापेक्षा आधी जागा कोणती हे ठरवा. कॅरियरवर नेहमीचं सामान ठेवा, नेहमीचे कपडे घालून सीटवर बसा आणि कुणाला तरी मागे दहा पावलांवर उभं करा. त्याला सायकलचा जो भाग बिनआडकाठी दिसेल, तिथे दिवा. माझ्या बाबतीत ती जागा होती कॅरियरचं अगदी मागचं टोक. तुमच्या कॅरियरला काहीच लागत नसेल तर मागचं मडगार्डही चालेल, फक्त फार खाली नको, चाकाचा चिखल उडतो.

पण कॅरियरवर बांधायचं कसं? कॅरियरचा दांडा आडवा आणि दिव्याचा पट्टा उभ्या दांड्यासाठी. मी बांधला तर दिवा कुशीवर झोपल्यासारखा दिसला. मामांनी डोकं खाजवलं, भंगारातून चार इंचांचा जुन्या सीटच्या नळीचा तुकडा काढला आणि पट्टी, वॉशर, नट-बोल्ट लावून कॅरियरच्या टोकाला उभा बसवून दिला. वर टोपण मारलं, कड लागू नये म्हणून. चाळीस रुपये घेतले. कॅरियरसाठी मुद्दाम बनवलेले दिवेही मिळतात, त्यांना मागे दोन बोल्ट असतात. ते घ्यायचे तर दोन बोल्टांमधलं अंतर आधी मोजून घ्या. ते बहुधा ५० किंवा ८० मिलिमीटर असतं, आणि आपल्या साध्या कॅरियरला तशी भोकं नसतातच, तेव्हा पुन्हा मामांचीच पट्टी!

जागा ठरल्यावर तिसऱ्या दिव्यासाठी मी सांगलीला गेले. या वेळी दुकानात उभी राहून, हातात घेऊन, चालू-बंद करून पाहिला. दुकानदार कंटाळला, कंटाळू दे.

सगळ्यात आधी काय पाहिलं, तर बाजूने दिसतो का. काही दिव्यांची काच अशी असते की सगळा उजेड एका रेषेत मागे जातो, बॅटरीच्या झोतासारखा. समोर उभं राहिलं तर डोळे दिपतात आणि दोन पावलं बाजूला सरकलं की दिवा गायब. त्यामुळे लुमेनचा आकडा सारखा असूनही एक दिवा प्रखर वाटतो आणि दुसरा मंद. आपल्या रस्त्यांना फाटे फार. गाडी दर वेळी नाकासमोरून येत नाही, शेतातून, गल्लीतून, वळणावरून येते. ज्या दिव्याच्या कडेलाही उजेडाची खिडकी आहे, तोच घ्या. हातात धरून स्वतःभोवती अर्धी गिरकी घेतली आणि मैत्रिणीला विचारलं, तरी कळतं.

मग उजेड किती? माझ्या अनुभवाने, अंधाऱ्या रस्त्यावर स्थिर जळणारा २० ते ५० लुमेनचा दिवा पुष्कळ झाला. शंभराच्या वरचे असतात ते भर दिवसा उन्हात उठून दिसावेत म्हणून. रात्री ते लावले तर मागच्याचे डोळे दिपतात, आणि डोळे दिपलेला माणूस काय करतो हे माझ्या कोपराला विचारा. मी घेतला त्यात तीन टप्पे आहेत. रात्री मधला, पहाटे धुकं असेल तर वरचा. कृष्णाकाठचं धुकं तुम्हाला माहीत असेलच, डिसेंबरात दहा हातांवरची म्हैस दिसत नाही.

लुकलुकणारा की स्थिर, यावर आमच्या घरात दोन दिवस वाद चालला. लेक लुकलुकत्याच्या बाजूने, हे स्थिर. शेवटी दोघेही बरोबर निघाले. लुकलुकणाऱ्याकडे लक्ष पटकन जातं, पण तो नेमका किती लांब आहे याचा अंदाज लागत नाही. दिवा विझलेल्या क्षणात डोळ्यांचा धागाच तुटतो. स्थिर दिवा लक्ष कमी वेधतो, पण अंतराचा अंदाज देतो. देशोदेशीचे कायदेही यावर एकमताचे नाहीत. जर्मनीत आणि नेदरलँड्समध्ये सायकलवर लुकलुकता दिवा चालत नाही. ब्रिटनमध्ये २००५ पासून चालतो, पण मिनिटाला ६० ते २४० वेळाच लुकलुकायला हवा, असं बंधन आहे. आम्ही मधला मार्ग काढला. आमच्या दिव्यात एक प्रकार असा आहे, की तो विझत नाही. मंद तेवत राहतो आणि मधूनच एकदा जोरात चमकतो. दिवस मावळताना तो, आणि पूर्ण अंधारात स्थिर. लग्नाच्या मांडवासारखा थयथयाट करणारा प्रकारही त्यात आहे, तो आम्ही कधीच लावत नाही.

रंग लालच हवा, हे सांगायला नको असं वाटतं, पण सांगते. बाजारात निळे-हिरवे, चाकात फिरणारे दिवे फार आलेत. मुलांना आवडतात, लावू देत. पण ते लाल दिव्याच्या ऐवजी नव्हेत. लाल म्हणजे मागची बाजू, पांढरा म्हणजे पुढची. समोरची सायकल येतेय की चाललीय हे गाडीवाल्याला त्यावरूनच कळतं. (यावरून हे मला अजून चिडवतात. मंत्र्यांच्या गाडीवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून उतरले, ते आमच्या सायकलवर चढले म्हणे!)

आता खोक्यावरची चलाखी. खोक्यावर दोन मोठे आकडे असतात, उजेडाचा आणि तासांचा. म्हणजे आपल्याला वाटतं, १०० लुमेन उजेड ३० तास. तसं नसतं! उजेडाचा आकडा सगळ्यात प्रखर टप्प्याचा आणि तासांचा आकडा सगळ्यात मंद लुकलुकत्या टप्प्याचा. आतल्या कागदावर बारीक अक्षरांत प्रत्येक टप्प्याचे तास वेगळे दिलेले असतात, ते मागून घ्या. माझ्या दिव्याचा प्रखर टप्पा दोनच तास चालतो, मधला सात. मला रोज अंधारात जेमतेम चाळीस मिनिटं लागतात. आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे चार तास. मधल्या टप्प्यावर आठवडा निघतो आणि वर शिल्लक उरते. रविवारी केस धुवायचे आणि दिवा चार्ज करायचा, असं मी ठरवूनच टाकलंय. चार्जिंग संपत आलं की ठिपका दाखवणारा दिवा मिळाला तर सोन्याहून पिवळं. आणि घरातल्या मोबाइलचीच वायर त्याला लागेल असा बघा, नाहीतर एक वायर हरवली की दिवा कपाटात.

आमच्या भागात जून ते सप्टेंबर छत्री मिटत नाही. त्यामुळे पावसाचा विचार आलाच. खोक्यावर आयपीएक्स असं लिहून पुढे एक अंक असतो. ४ म्हणजे चारी बाजूंनी उडालेलं पाणी सोसेल, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जाणार नाही. आपल्याला दिवा विहिरीत टाकायचा नाही, पण धो-धो पावसात निदान ६ तरी असावा असं माझं मत. आणि अंक काहीही असो, चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण नीट दाबलं नाही तर सगळं फुकट. माझ्या मैत्रिणीचा दिवा असाच गेला. भिजून आलात तर आधी पुसून वाळवा, मगच वायर लावा.

आणखी एक शंका बऱ्याच जणींनी विचारली, जरा आवाज खाली आणून. "अगं, एवढा दिवा लावला की लांबूनच कळतं ना, की बाई एकटी चाललीय?" मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण लेकीला पुढे पाठवून मी मागून पाहिलं, तेव्हा कळलं. लांबून दिसतो तो फक्त एक लाल ठिपका. तो बाईचा की बाप्याचा, काही कळत नाही. जवळ आल्यावर कळतं, ते दिव्याशिवायही कळलंच असतं. वाईट डोक्याचा माणूस एखादा असेल, आपण न दिसणारे मात्र शंभर. मी दिव्याला घाबरायचं सोडलं. सायकल लावली की दिवा पट्ट्यातून काढून पर्समध्ये टाकायचा, एवढी सवय मात्र ठेवलीय, कारण बाजारच्या दिवशी दिव्याला पाय फुटतात.

दिवसासुद्धा दिवा लावावा का? डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहरात २००४-०५ मध्ये ३८४५ सायकलस्वारांवर याची पाहणी झाली. त्यातल्या काहींच्या सायकलींना चाकावरच्या चुंबकांनी दिवसरात्र जळणारे दिवे बसवले. इजा झालेले एकूण सायकल अपघात त्यांच्यात १९ टक्क्यांनी कमी भरले. ऑस्ट्रेलियातली २०१२ सालची एक पाहणी तर मला फारच आवडली, कारण तिला पैसे लागत नाहीत. रात्री बंद रस्त्यावर चालकांना गाडी चालवायला देऊन, सायकलस्वार ओळखू येतो का ते पाहिलं. काळ्या कपड्यांतला सायकलस्वार १०० पैकी २ वेळाच ओळखता आला. चमकणारं जाकीट घातलेला ५० वेळा. आणि जाकिटाबरोबर घोट्यांना-गुडघ्यांना चमकत्या पट्ट्या बांधलेला ९० वेळा! कारण पाय वरखाली होतात, आणि ती हालचाल पाहिली की 'हा माणूस आहे' हे डोळे क्षणात ओळखतात. मी हार्डवेअरच्या दुकानातून हातभर चमकती पट्टी आणली, दोन जुन्या इलास्टिकवर शिवली आणि घोट्यांवर चढवली. सलवार चेनमध्ये अडकायचीही थांबली. साडी नेसणाऱ्यांनी पेडलच्या दोन्ही कडांना पट्टी चिकटवली तरी काम होतं.

एकूण खर्च? तिसरा दिवा साडेचारशेचा, मामांचे चाळीस, पट्टीचे साठ. पहिल्या दोन चुकांचे मिळून आठशेवीस, ते मी कुठल्या खात्यात टाकू तुम्हीच सांगा. आणि हो, लेकीसाठी तसाच आणखी एक दिवा घेतला.

सासूबाईंनी परीक्षा घेतलीच. एका संध्याकाळी मला अंगणातून सायकल घेऊन पुढे पाठवलं आणि स्वतः कठड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांना मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या एका डोळ्यानेच नीट दिसतं. मी पार मारुतीच्या देवळापर्यंत गेले, वळून आले. "दिसला का?" विचारलं. म्हणाल्या, "तू देवळापाशी थांबून कुणाशी तरी बोलत हुतीस, ते बी दिसलं." दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनीच लेकीला उठवलं, क्लासला उशीर होईल म्हणून.

आता रोज पहाटे पावणेसहाला मी शाल गुंडाळून दारात उभी असते. ती जाते. धुक्यात तिची ओढणी आधी दिसेनाशी होते, मग सायकल. लाल ठिपका मात्र बराच वेळ दिसत राहतो, पंपहाउसच्या पुढे, पिंपळाच्याही पुढे. तिथे रस्ता वळतो. वळताना दिवा क्षणभर बाजूने दिसतो, ती कडेची खिडकी. तेवढं दिसलं की मी आत येते आणि चहाचं आधण ठेवते.